उपचारांचा विमा आहे, शुश्रूषेचं काय?
‘चीनमध्ये ९५ टक्के लोकांना आरोग्य विमा आहे, म्हणजे म्हाताऱ्यांची सोय झालीच’ हे बरेचदा ऐकू येणारं म्हणणं मला निम्मंच पटतं. विमा आहे, पण तो औषधोपचारांचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणं, त्याला भरवणं, आंघोळ घालणं हा खर्च त्यात बसत नाही. म्हणून छिंगदाओ शहरानं २०१२ मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा वेगळा विमा काढला. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं तो प्रयोग १५ शहरांत नेला आणि २०२० मध्ये शहरांची संख्या ४९ केली. फार मोलाचं काम आहे हे.

पण या चर्चेत चीनच्या खेड्यांबद्दल कुणीच बोलत नाही. २०२० च्या जनगणनेत साठी ओलांडलेले शहरी भागात १५.८ टक्के, तर ग्रामीण भागात २३.८ टक्के. मुलं कामासाठी शहरात गेलेली, घरी आजी-आजोबा, बरेचदा नातवंडांना सांभाळत. शुश्रूषा विमा मात्र बहुतेक प्रायोगिक शहरांत आधी नोकरदारांच्या आरोग्य विम्यालाच जोडला गेला, त्यामुळे शेतात राबून थकलेली माणसं बाहेरच राहिली. छिंगदाओनं २०१५ पासून ग्रामीण लोकांनाही त्यात घेतलं. बाकीच्यांनी तिथूनच सुरुवात करायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.