नुसतं चालणं पुरत नाही

तुमच्या सासूबाई रोज अर्धा तास चालतात, तरी मोरीच्या उंबऱ्याशी पडल्या, असं तुम्ही लिहिलंय. चालणं चांगलंच, पण तोल सावरायचा सराव वेगळा करावा लागतो. माझ्या आईला आम्ही ओट्याला धरून एका पायावर १० सेकंद उभं करायचो. पहिल्या आठवड्यात कड घट्ट धरून तिची बोटं पांढरी पडायची. दीडेक महिन्यानं नुसतं एक बोट टेकून उभी राहू लागली. शेजारी कुणीतरी हवंच. खुर्चीतून हात न टेकता उठबसही करून घ्या, मांड्यांत ताकद येते. रात्री लघवीला उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायला सांगा; एकदम उठलं की रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. आणि सैल सपाता आजच बदला, मागे पट्टा असलेल्या आणा.