आधी दोन्ही टप्पे ओळखा, मग ग्रॅम
ट्रिगर जितका हलका, म्हणजे तो ओढायला जितका कमी भार लागतो, तितका नेम चांगला, म्हणून नवशिक्यानेही १० मीटर एअर रायफलचा ट्रिगर थेट ५० ग्रॅमवर लावावा, हे काही जणांचं मत मला अजिबात पटत नाही. नियमात बसतं, एवढं खरं. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमची अट आहे, एअर रायफलच्या ट्रिगरला किमान वजनाची अटच नाही. पण नियमात बसतं म्हणून हाताला झेपतंच असं नाही.

माझी मुलगी फोंड्यात सराव करते. पहिल्या वर्षी मीच हौसेने तिचा ट्रिगर हलका केला. जुलैचा महिना, हवा दमट, बोटं घामेजलेली. बोट टेकताच छर्रा सुटायचा, नेम धरायच्या आधीच. चार-पाच वेळा असं झाल्यावर पोरगी ट्रिगरला हात लावायलाच बिचकू लागली. हा ट्रिगर दोन टप्प्यांत ओढला जातो: पहिल्यात बोट अडेपर्यंत येतं, दुसऱ्यात छर्रा सुटतो. रेंजवरच्या सरांनी ट्रिगरचं वजन १२० ग्रॅमच्या आसपास नेलं आणि जास्तीत जास्त भार पहिल्या टप्प्यावर टाकला. आता बोट पहिला टप्पा ओढून भिंतीला टेकल्यासारखं थांबतं, पुढे लागतो तो थोडासाच दाब. एकूण आकड्यापेक्षा ही वाटणी महत्त्वाची. वजन अंदाजाने ठरवू नका. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, नळी सरळ वर धरा, ट्रिगरच्या मधोमध वजन अडकवून बघा. सरावाआधी दर वेळी. ट्रिगरचं वजन लावायचा स्क्रू आपोआप ढिला होतो, हे आम्हाला उशिरा कळलं.