घरगुती गेस्टहाउसात रात्री दहाला गेट बंद: हे चालवून घ्यायचं का?

रकसॅक४०लिटर:
तीन आठवडे राजस्थान करून आलो. जोधपूर, जैसलमेर, बिकानेर, सगळीकडे फॅमिली गेस्टहाउसच घेतली, कारण जो तो म्हणतो घरगुती ठिकाणी राहा, खरा प्रदेश कळतो. माझं मत स्पष्ट आहे, ही स्वस्तातली घुसमट आहे. रात्री दहाला गेट बंद. शॉवर असून गरम पाणी नाही, मागितलं तर 'बादली देतो, सकाळी सातनंतर'. शिवाय प्रश्न: कुठे चाललात, लग्न झालं का, पगार किती. पाच-सहाशेत हॉस्टेलचा बंक मिळतो, लॉकर असतो, कोणी काही विचारत नाही. मी पैसे मोजतो म्हणजे मी गिऱ्हाईक आहे, त्यांचा भाचा नाही. बॅकपॅकरनी ही घरं सरळ टाळावीत.

सिंधुदुर्गवाली:
हे वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय. तारकर्लीला आमच्या दोन खोल्या आहेत, आई चालवते. गेट दहाला का लागतं ते सांगते. आई साडेचारला उठते. आधी बंब पेटवायचा, मग आंबोळ्यांचं पीठ फुगलंय का बघायचं, नारळ खवायचा, कारण पाहुण्यांना सिंधुदुर्ग किल्ल्याची बोट धरायची असते आणि साडेसातला ताट समोर लागतं. हॉस्टेलात रात्री पगारी माणूस बसवलेला असतो. आमच्याकडे रात्रपाळी म्हणजे बाबा. साडेबाराला कोणी गेट वाजवलं की ते उठून कडी काढणार, कुत्रं भुंकणार, शेजारच्या घरातलं तान्हं मूल उठणार. आणि 'कुठे चाललात' विचारतो ते चौकशी म्हणून नाही हो. ओहोटीच्या वेळी ओढ किती असते हे न बघता पाण्यात उतरणारी माणसं आम्ही दरवर्षी बघतो. संध्याकाळी कोण परत आलं नाही हे कोणाला तरी माहीत असायला नको का? पगाराचं विचारणं चूक, ते आई पण विचारते, मी तिला ओरडते.

रकसॅक४०लिटर:
आईंबद्दल आदर आहे. पण त्या राबतात म्हणून गिऱ्हाइकाने गैरसोय सोसायची हे गणित मला कळत नाही. माझी गाडी लेट झाली, रात्री पाऊण वाजता जैसलमेरला उतरलो, रिक्षाने किल्ल्यापर्यंत आणि तिथून सॅक घेऊन चढ चालत. मग वीस मिनिटं कडी वाजवत गल्लीत उभा. थंडी जानेवारीची. बुकिंग करताना कुठेही लिहिलेलं नव्हतं की दहानंतर प्रवेश नाही.

सिंधुदुर्गवाली:
लिहायला हवं होतं, हे मान्य. पण गाडी लेट आहे हे तुम्हाला गाडीतच कळलं असणार. एक फोन केला असतात तर कोणीतरी जागं राहिलं असतं. आमचे बाबा राहतात.

एकटाजीव:
तुम्हाला निदान खोली तरी मिळते. मी एकटा फिरतो, बारा वर्षं. कोकणात एका संध्याकाळी चार दारं वाजवली, चारही ठिकाणी 'फॅमिलीलाच देतो'. पाचव्या ठिकाणी काकांनी माझ्यासमोर खोलीला कुलूप लावलं आणि भरलेली आहे म्हणाले. एकट्या पुरुषाला खोली देऊ नये असा कायदा या देशात नाही, बिनलग्नाच्या जोडप्याला देऊ नये असाही नाही. घरगुती आपुलकीचं कौतुक चाललंय इथे, ती आपुलकी दारातच माणूस बघून ठरते.

सिंधुदुर्गवाली:
आमच्या विहिरीच्या कट्ट्यावर बॅचलर ग्रुपने बाटल्या फोडल्या, काचा आईने वेचल्या. घरात माझी धाकटी बहीण असते. घर आमचं आहे.

एकटाजीव:
बाटल्या ग्रुपने फोडल्या, दार मला बंद.

दगडमाती:
मूळ लेखातल्या एका गोष्टीवर कोणी बोलतच नाहीये. रकसॅक, तुम्ही जैसलमेरच्या सोनार किल्ल्याच्या आत राहिलात आणि तिथे शॉवरला गरम पाणी नाही म्हणून तक्रार करताय? मी जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीत आयुष्य घालवलंय, त्यामुळे हे मनाला लागतं. ११५६ मध्ये वसलेला किल्ला, वाळवंटातला, पाणी गडीसर तलावावरून डोक्यावर वाहून आणायचे. घरात दिवसाला येणार किती, सांडणार किती? त्या हिशोबाने बांधलेल्या जागेत नळ आले, फ्लश आले, गेस्टहाउसांचे शॉवर आले. गळक्या गटारांतून ते पाणी टेकडीत मुरतं, खालची माती भिजते, बुरूज सरकतात. २०२४ च्या पावसात तटबंदीचा एक भाग खाली आला. बादलीच बरोबर आहे. खरं तर प्रवाशाने किल्ल्याखाली राहावं आणि वर फक्त बघायला जावं.

रकसॅक४०लिटर:
म्हणजे माझ्या आंघोळीने किल्ला पडतोय का? पाऊस पडला म्हणून भिंत पडली असं तुम्हीच लिहिलंय.

दगडमाती:
एकट्या तुमच्या नाही. सहा खोल्या, सहा शॉवर, सहा फ्लश, अशी घरं गल्लीत किती आहेत ते तुम्ही स्वतः बघितलंय. आधीच भिजून ढिली झालेली भिंत पावसाला किती टिकणार?

तुंगभद्राकाठ:
'वारसा वाचवा, पाहुणे बाहेर' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण हंपीत हेच झालं. २०११ ला विरुपाक्ष मंदिरासमोरच्या बाजारातली राहती घरं पाडली. नदीच्या पलीकडच्या काठावर विरुपापूर गड्डी, तिथली गेस्टहाउसं २०२० च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि पुढच्याच महिन्यात भुईसपाट. मी तिथे तीन वेळा एकाच घरी राहिलो होतो. अंगणात झोपाळा, समोर भातखाचर, त्याच्यामागे ते मोठमोठे धोंडे. अक्का ताटलीत इडली वाढताना मुलाला कन्नडमध्ये पाढे म्हणायला लावायची, तो चुकला की माझ्याकडे बघून हसायचा. नंतर गेलो तर जोत्याचे दगडसुद्धा ओळखू येईनात. ती माणसं कुठे गेली हे विचारायला तिथे कोणी उरलं नव्हतं. दगडांची काळजी करणारे खूप आहेत, अक्काची कोण करणार?

दगडमाती:
गड्डीवरची बांधकामं संरक्षित क्षेत्राचे नियम मोडून झाली होती, कोर्टाने तेच म्हटलं. आणि मी घरं पाडा असं कुठे लिहिलंय? किल्ल्यातल्या लोकांनी तिथेच राहावं, पिढ्यानपिढ्या राहतायत. फक्त पाहुणे खाली.

तुंगभद्राकाठ:
पाहुणे खाली गेले तर वरच्या घराने खायचं काय? चार वर्षांत तीही खाली येतील. मग रिकाम्या किल्ल्याला तिकीट लावा.

दगडमाती:
भावनेवर बुरूज उभे राहत नाहीत.

तुंगभद्राकाठ:
आणि माणसं नुसत्या चुन्यावर जगत नाहीत. तुमच्यासारख्यांचे अहवाल वाचूनच बुलडोझर निघतात.

बर्फातलीचूल:
जरा शांत व्हा दोघं. हिमाचलमधल्या स्पितीत पाण्याचा प्रश्न घरातच सुटलेला बघितलाय. संडास कोरडा. वरच्या मजल्यावर जमिनीला चौकोनी भोक, बाजूला मातीचा ढीग, त्यात फावडं. पहिल्या दिवशी मला कळेना, तर घरच्या आजीने फावडं हातात दिलं आणि माती कशी लोटायची ते खुणेने दाखवलं. तेच खत पुढे जवाच्या शेतात जातं. हात धुवायला एक तांब्या. देमुल गावात तर पाहुणा आळीपाळीने घरोघर देतात, म्हणजे एकाच घराने चार खोल्या आणि चार शॉवर वाढवायची गरजच पडत नाही, आणि पैसा सगळ्या गावात फिरतो.

दगडमाती:
हे पटण्यासारखं आहे. किल्ल्याच्या दाट वस्तीत कोरडा संडास अवघड जाईल, पण शॉवर काढून बादली आणि दर घरामागे एक-दोनच पाहुणे, असा नियम झाला तर मी आत राहायला विरोध करणार नाही. तुंगभद्राकाठ, बुलडोझरचं बोललात ते मला लागलं. अक्काबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे.

एकटाजीव:
देमुलच्या पाळीत एकट्या पुरुषाला घरात घेतात?

बर्फातलीचूल:
मी एकटाच होतो. ज्या घराची पाळी, तिथे गेलो.

एकटाजीव:
मग तारकर्लीत का नाही?

सिंधुदुर्गवाली:
आत्ता आईला फोन केला. म्हणाली, एकटा माणूस असेल तर आधार कार्ड बघून, दोन शब्द बोलून देऊ. दोन-तीन मित्र आले तर नाही म्हणजे नाही. याच्यापुढे मी तिला रेटणार नाही.

एकटाजीव:
चालेल. एवढंही आजवर कोणी म्हणालं नव्हतं.

रकसॅक४०लिटर:
हॉस्टेलबद्दलचं माझं मत तेच आहे, आणि गेटची वेळ बुकिंगच्या वेळी सांगायलाच हवी. पण एक मघाशी लिहिलं नाही. जैसलमेरच्या त्या घरात बादलीवरून मी आजींशी चढ्या आवाजात बोललो होतो. त्यांनी पाण्याचं, गटाराचं, भिंतीचं काही सांगितलं नाही. थोड्या वेळाने दाराबाहेर दुसरी बादली होती, वाफ येत असलेली, वर ताटली झाकलेली. चूल खालच्या चौकात होती आणि माझी खोली गच्चीवर. जिना इतका अरुंद की सॅक पाठीला लावून मी आडवा चढायचो.