बंद पडलेल्या म्युझियममधल्या लढाऊ विमानांचे फोटो सपाट येतायत, काय चुकतंय?

फिरस्ता_७७

नमस्कार मंडळी. एक विमानांचं म्युझियम आहे, बंद होऊन बरीच वर्षं झाली, पंधरा-सोळा लष्करी विमानं उघड्यावर तशीच उभी आहेत. जागेच्या मालकांकडून लेखी परवानगी काढून मागच्या महिन्यात जाऊन आलो, राखणदार काका पूर्ण वेळ सोबत होते. खरं सांगतो, बघून गलबलून आलं. एका मिग-२१ च्या पोटापर्यंत गवत, टायर बसलेले, एका विमानाच्या इंटेकमध्ये (इंजिनात हवा घेणाऱ्या तोंडात) पक्ष्यांनी घरटं केलंय, आणि एक मोठं दोन मजली पंखांचं जुनं विमान आहे त्याच्या पंखांवरचं कापड फाटून लोंबतंय. आणि घरी येऊन फोटो उघडले तर सगळे भंगाराच्या यार्डात काढल्यासारखे! आकाश पांढरंफटक, उघडा पत्रा जळून गेलेला, कॉकपिटच्या काचेत मीच दिसतोय. वेळ ११ ते २ ची मिळाली होती, लेन्स २४-७० मिमी.

आता परत एकदा परवानगी मिळालीये, यावेळी सकाळी ६ ते १०. ही कदाचित शेवटचीच संधी, कारण विमानं हलवणार असं कानावर आलंय. काय वेगळं करू? आणि अजून एक, काका म्हणाले हवं तर शिडी लावतो, कॉकपिटमध्ये बसून काढा. बसावं का?

जुनालेन्स

अर्धं उत्तर तुमच्या वेळेतच आहे. ११ ते २ म्हणजे ऊन डोक्यावर, विमानाची वरची बाजू जळते आणि पोट काळं पडतं. पत्र्यावरचे पोचे, रिव्हेटच्या ओळी, फुगून आलेला रंग हे सगळं दिसतं ते ऊन बाजूने घासत आलं की. सूर्य उगवल्यापासून पहिला तास-दीड तास फक्त त्याच कामाला द्या, त्या वेळेत कॉकपिट-बिकपिट काही नको. मागच्या वेळचे फोटो उघडून आधीच कागदावर मांडून ठेवा कुठल्या विमानाचं नाक कुठल्या दिशेला आहे, म्हणजे सकाळी कोणाच्या कुठल्या अंगावर ऊन येईल ते कळेल आणि पळापळ होणार नाही.

उघड्या अ‍ॅल्युमिनियमला एक्स्पोजर २/३ ते १ स्टॉप कमी ठेवा (१ स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, सावल्या नंतर उचलता येतात पण जळालेला पत्रा परत येत नाही. २४ वर फार जवळ जाऊ नका, नाक फुगतं आणि शेपूट गायब होते, विमानाचा जो डौल असतो तोच मोडतो. मागे सरून ५०-७० वर काढा, गुडघ्यावर बसून, म्हणजे गवत पुढे येतं आणि विमान त्यातून वर उठल्यासारखं दिसतं. ढगाळ निघालं तर नाराज होऊ नका, सोललेल्या रंगाचे क्लोजअप तेव्हाच सगळ्यात छान येतात.

पोलरायझर नेणार असाल तर एक लक्षात ठेवा, रंगवलेल्या भागावरची चमक तो कापतो पण उघड्या धातूवर त्याचा फारसा उपयोग नाही, आणि कॅनॉपीचं, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाचं, अ‍ॅक्रिलिक ताणलेलं असतं त्यामुळे त्यात इंद्रधनुषी पट्टे उमटतात. मला ते पट्टे आवडतात, पण नको असतील तर कॅनॉपीपुरता फिल्टर काढून ठेवा.

निवृत्त_तंत्रज्ञ

मी आयुष्यभर लढाऊ विमानांच्या मेन्टेनन्समध्ये काम केलंय, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. बसू नका. काका प्रेमाने म्हणतायत, पण नका.

पहिलं कारण इजेक्शन सीट, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची. तिच्यात स्फोटक काडतुसं असतात, बऱ्याच विमानांत कॅनॉपी उडवायलाही वेगळी असतात. म्युझियममध्ये ठेवताना ती काढलेली असायला हवीत, पण जी जागा बंद पडली तिथे ती काढल्याचा कागद कोण दाखवणार? आणि जुनं झालेलं काडतूस निकामी होतं असं समजू नका, ते बेभरवशाचं होतं. लाल किंवा पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं कुठलंही हँडल दिसलं तर त्याला हात नाही म्हणजे नाही.

दुसरं, जुन्या विमानांच्या डायलवर रेडियमचा रंग असतो. आता तो अंधारात चमकत नाही म्हणून लोक निर्धास्त होतात. चमकत नाही कारण त्यातलं झिंक सल्फाइड थकलंय, रेडियम तिथेच आहे, ते निम्मं व्हायलाच साधारण १६०० वर्षं लागतात. काच फुटलेला डायल असेल तर त्याची धूळ नाकातोंडात जाता कामा नये. बंद कॉकपिटमध्ये रेडॉन वायूही साठतो.

तिसरं, उघडी कॅनॉपी. तिला धरून ठेवणारा दट्ट्या कधीच मेलेला असतो, वाऱ्याने खाली आली तर मानेवरच येते. तसंच बसलेल्या टायरच्या विमानाखाली सरपटत जाऊ नका, पंखावर चढू नका. वरून धड दिसणारा पत्रा आतून पोकळ झालेला असतो, पाय थेट आत जातो आणि कडा सुरीसारख्या असतात. आणि मिग-२१ च्या नाकावरची ती लांब नळी, कॅमेऱ्यात डोळा घालून मागे सरकताना नेमकी तीच लागते.

चाकांच्या खोबणीत हिरवट पिवळा रंग दिसेल, तो क्रोमेट प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा अस्तराचा रंग. सकाळच्या उन्हात फार सुंदर दिसतो, मलाही अजून आवडतो, पण तो कॅन्सरकारक आहे. सुटलेले पोपडे नखाने काढू नका, फुंकर मारू नका. मास्क आणि हातमोजे घेऊन जा. त्याच खोबणीत गांधीलमाश्यांची पोळी असतात, आधी लांबून टॉर्च मारून बघा.

फिरस्ता_७७

बापरे, मी तर मागच्या वेळी एका पंखावर हात टेकून उभा होतो. बसायचं रद्द, नक्की. @निवृत्त_तंत्रज्ञ सर, एक विचारायचं होतं, सगळी विमानं एकाच पावसात उभी आहेत मग वेगवेगळी का कुजतायत? काही लालसर झालीयेत, काहींवर पांढरी भुकटी आहे.

निवृत्त_तंत्रज्ञ

हा प्रश्न विचारलात, बरं वाटलं. फोटो काढताना हेच बघा, मग तो भंगाराचा फोटो राहणार नाही.

अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं लाल गंजत नाही, त्यावर पांढरी भुकटी येते. विमानाच्या मजबूत मिश्रधातूंत तांबं किंवा जस्त असतं, त्यांना आतून कीड लागते आणि पत्रा पुस्तकाच्या पानांसारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटतो. पंखांच्या कडा आणि जोड बघा, तिथे हे सापडेल. जिथे स्टीलचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये बसलाय तिथे ओल मिळाली की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि बळी जातो अ‍ॅल्युमिनियमचा, म्हणून बोल्टभोवती पांढरं कडं दिसतं. मॅक्रो (अगदी जवळून काढायची लेन्स) असेल तर ते कडं जरूर काढा.

लालसर दिसतंय ते बहुतेक लँडिंग गिअरचे भाग, बोल्ट, एक्झॉस्टच्या आसपासचं स्टील. त्या विमानांत मिग-२५ असेल तर तो सगळ्यांपेक्षा वेगळा, ध्वनीच्या जवळपास तिप्पट वेगात अ‍ॅल्युमिनियम तग धरत नाही म्हणून त्याचा बहुतांश सांगाडा निकेलयुक्त स्टीलचा वेल्डिंग करून बनवलाय. याच विमानाच्या खास तयार केलेल्या आवृत्तीने १९७७ साली ३७,६५० मीटर उंची गाठली होती. इतक्या वर गेलेल्या जातीचं विमान गवतात उभं असेल तर मी तरी त्याचा आकाशाकडे बघणारा फोटो काढीन, नाकाच्या खालून.

दोन मजली पंखांचं विमान बहुधा अँटोनोव्ह-२. धड धातूचं आणि पंखांवर कापड, म्हणून कापड आधी गेलं आणि आतल्या फासळ्या उघड्या पडल्या. सूर्य विमानाच्या मागे ठेवून काढा, कापडातून उजेड आरपार येईल आणि फासळ्यांच्या सावल्या पडतील.

सावलीवाला

माझं थोडं वेगळं मत. तंत्र सगळं बरोबर आहे पण असल्या जागेचे फोटो बिघडतात ते एडिटिंगमध्ये. लोक एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र करणं) इतकं ताणतात की प्रत्येक पोपडा ओरडायला लागतो आणि गंज केशरी होतो. रंग जसा विटलाय तसाच ठेवा ना, तो विटलेला निळा, तो खडूसारखा हिरवा, त्याच्यासाठीच तर गेलो आपण. दोन-तीन एक्स्पोजर घ्यायचीच असतील तर फक्त कॉकपिटसाठी घ्या.

आणि नुसते मूडचे फोटो काढून येऊ नका. विमानं हलवणार असतील तर प्रत्येक विमानाच्या दोन्ही बाजू पूर्ण, शेपटीवरचा नंबर, चिन्हं, धातूच्या पाट्यांवरचे कारखान्याचे नंबर, सगळं साधं सरळ नोंद म्हणून काढा. तिरप्या उन्हात रंगाखालचा जुना नंबरसुद्धा उमटतो, त्यावरून विमान आधी कुठल्या तुकडीत होतं ते इतिहासवाल्यांना शोधता येतं. मॉस्कोच्या खोडिन्का मैदानावर असंच झालं होतं, विमानं वर्षानुवर्षं उघड्यावर कुजत होती, काचा फुटल्या, उपकरणं गेली, आणि त्या विमानांची अवस्था कशी बदलत गेली ते आज कळतं ते तिथे जाऊन साधेपणाने फोटो काढणाऱ्यांमुळे.

जागेचं नाव मात्र विमानं हलेपर्यंत कुठेही टाकू नका, फोटोतलं लोकेशनही काढून टाका. फोटोमागोमाग डायल चोरणारे येतात.

जुनालेन्स

+१, नोंदीचे फोटो मी विसरलोच होतो. एचडीआरबद्दलही पटलं.

कॉकपिट बाहेरूनच काढायचं तर रबरी लेन्स हूड काचेजवळ आणा आणि बाजूने काळं कापड धरा, प्रतिबिंब जातं. हूड टेकवायचा तर अगदी हलका, अ‍ॅक्रिलिकवर केसासारख्या चिरा असतात. शिडी विमानाला टेकवून लावू नका, स्वतःच्या पायावर उभी राहणारी घोडा शिडी न्या, काकांना ती धरायला सांगा. मिग-२१ चं कॉकपिट आतून निळसर हिरवं असतं, ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप केलेलं रंगांचं संतुलन) तो रंग मारून टाकतो, हाताने सेट करा. एफ/८ (लेन्सचं छिद्र लहान), ट्रायपॉड, फोकस पुढच्या पॅनेलवर एकदा आणि सीटवर एकदा.

फिरस्ता_७७

सगळ्यांचे मनापासून आभार. कागदावर नकाशा काढला, सकाळचं ऊन पाच विमानांच्या डाव्या अंगावर येतंय आणि अँटोनोव्हच्या बरोब्बर मागून. म्हणजे ६ वाजता पहिलं तेच. नंतर मिग, मग नोंदीचे फोटो, कॉकपिट शेवटी. काकांना फोन करून घोडा शिडीचं विचारलं, आहे म्हणाले. आणि बोलता बोलता कळलं की म्युझियम चालू होतं तेव्हा ही विमानं धुवायचं काम तेच करायचे. त्यांचा एक फोटो अँटोनोव्हसोबत काढू का म्हणून विचारलं, तर जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, त्या दिवशी धुतलेला शर्ट घालून येतो.