मदत हवी आहे: नव्या ग्रँड पियानोचा आवाज टोचतो, व्हॉइसिंग (हातोड्यांचा नमदा मऊ-कडक करून आवाज सुधारणं) आत्ताच करावं का?

मंडळी, ६ फुटी नवा ग्रँड आहे. मधल्या ‘सी’च्या वरची दीड सप्तकं जोरात वाजवली की पत्र्यासारखी कडक वाजतात, खर्ज मात्र उत्तम. ट्यूनिंग ४४० हर्ट्झवर (मधल्या ‘सी’च्या वरचा ‘ए’), आर्द्रता ४५ ते ५५ टक्के. खोलीत फरशी आणि उघड्या भिंती. खाली जाड सतरंजी टाकून, झाकण अर्ध्या दांडीवर ठेवून थोडा फरक पडला, पण कर्कशपणा गेला नाही. डावं पेडल दाबलं की आवाज लगेच मऊ होतो: तारांवर आपटणारे हातोडे किंचित बाजूला सरकतात आणि तारांना त्यांच्या नमद्याचा (दाबलेल्या लोकरीच्या थराचा) न दबलेला भाग लागतो. म्हणजे टोकाचा नमदाच घट्ट झालाय, असं दिसतं.

ट्यूनर नमदा सैल करायला सुया मारायचं म्हणतायत, हातोड्याचं टोक १२ वर धरलं तर घड्याळातल्या १० आणि २ च्या जागी, म्हणजे हातोड्याच्या खांद्यांत; टोकाला हात नाही. ते पटतं. पण एका स्वराच्या तिन्ही तारा एका पातळीत नसतील तर हातोडा एकीला आधी लागतो, आणि तो दोष सुईने जाणार नाही. मग आधी तारांची पातळी तपासून घ्यावी ना? की सहा महिने थांबावं? वाजवून नमदा आणखी दबणार, आवाज आणखी चढणार, ही भीती आहे. आणि सुरुवातीला एका खांद्यात किती टोचे पुरेत? जास्त झाले तर परत कडक करणं फार किचकट.