शिफारसपत्रासाठी सरांना मेल कसा लिहू?

मंडळी, मदत हवी आहे. जर्मनीत मास्टर्ससाठी अर्ज करतोय. हिवाळी सत्राची मुदत तिथे बऱ्याच ठिकाणी १५ जुलैला संपते, म्हणून प्रोजेक्ट गाइड सरांकडे शिफारसपत्र मागायचंय. सर व्हॉट्सॲपवर असली कामं घेत नाहीत, मेलच करा म्हणतात (बरोबरच आहे म्हणा). विषयाच्या ओळीत 'शिफारसपत्राबाबत विनंती', पुढे नाव, रोल नंबर, बॅच, एवढं ठरलंय. सीव्ही आणि मार्कशीट एकाच पीडीएफमध्ये जोडेन. घोडं अडलंय ते मजकुरात. रजेच्या अर्जासारखं 'सविनय सादर' छापाचं नकोय. आधी प्रोजेक्टची दोन ओळींत आठवण करून द्यावी, की थेट विनंतीच करावी? मुदतीची तारीख पहिल्याच परिच्छेदात टाकली तर आगाऊपणा वाटेल का? आणि उत्तर नाही आलं, तर किती दिवसांनी पुन्हा विचारावं? इथल्या प्राध्यापकांनी सांगितलंत तर फारच बरं.