किसणी मोठी केली की झालं शिल्प?

रेवा:
"किसणी माणसाएवढी केली आणि म्हणे शिल्प!" शिल्पकार मोना हातूम यांच्यावरची ही कालची पोस्ट वाचून डोकं तडकलं, म्हणून सविस्तर लिहितेय. त्यांचं 'ग्रेटर डिव्हाइड' (2002) म्हणजे घडीच्या पडद्यासारखी उभी केलेली, माणसाहून उंच पोलादी किसणी. ज्याच्या आडोशाला जायचं, तोच पडदा कातडी सोलेल! 'होम'मध्ये (1999) तर काहीच मोठं केलेलं नाही. टेबलावर साध्या किसण्या, चाळण्या. त्यांतून वीज खेळवलीय, दिवे मंद-प्रखर होतात, विजेची घरघर मोठ्याने ऐकू येते आणि समोर तारांचं कुंपण.

दगडफोड्या:
ती पोस्ट माझी. मी 'मूली-ज्युलियन × 21'बद्दलही लिहिलं होतं, ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत. हँडलवर चालणारं भाजी किसायचं यंत्र 21 पट केलं, बस्स. बाई बैरूतमध्ये पॅलेस्टिनी घरात जन्मल्या, 1975 मध्ये लंडनला गेल्या आणि लेबनॉनमध्ये युद्ध पेटल्याने तिथेच अडकल्या, हे फलकावर वाचल्याशिवाय त्यात काही दिसत नाही. चरित्र काढा, काय उरतं?

शाईपेन:
पाळणा उरतो. 'इनकम्युनिकाडो' (1993). गादीखालच्या आधाराच्या जागी चीज कापायच्या तारा ताणलेल्या. याला कुठला फलक लागतो?

अनिकेत:
माझा राग त्यांच्या व्हीलचेअरच्या शिल्पावर आहे (1998). ढकलायच्या मुठींच्या जागी दातेरी सुऱ्या! वडिलांना शेवटपर्यंत मी ढकललंय. अवघडलेली पाठ, जागरणं, सगळं केलंय. सेवा करणाऱ्याच्या हातात सुरी देऊन काय सांगायचंय? आजारपण असं दालनात मांडू नये.

रेवा:
अनिकेत, सासूबाईंचं सगळं मी केलंय. त्यांना माझ्या हाताने जेवायची लाज वाटायची आणि मला त्यांच्या प्रत्येक हाकेची चीड यायची. हे मी घरात कुणाशी बोलू शकले नाही. त्या मुठी पाहिल्यावर वाटलं, कुणीतरी हे मांडलं. त्यात माझा अपमान नव्हता.

अनिकेत:
तुमची चीड तुमच्यापाशी ठेवा. प्रत्येक सेवेत द्वेष असतोच, हे माझ्यावर लादू नका.

रेवा:
"प्रत्येक" मी कुठे म्हटलं? माझ्या तोंडी शब्द घालू नका.

दगडफोड्या:
विषय किसणीचा होता, भांडताय सेवेवरून. बरं, व्हीलचेअर फुगवलेली नाही आणि तिला चरित्रही लागत नाही, एवढं मान्य करतो. 21 पटीचं मात्र मान्य नाही. मला तिथे नुसतं धातूचं वजन दिसतं.

शाईपेन:
त्या यंत्रात माणूस सहज पडेल. भाजीच्या जागी आपण येतो, म्हणून माप महत्त्वाचं. 'कोर एत्रांजे'त (1994) त्यांनी एंडोस्कोपीने स्वतःच्या शरीराच्या आतलं चित्रण केलं आणि ते गोल खोलीत जमिनीवर दाखवलं. तिथेही तेच, बघणाऱ्याला सुरक्षित अंतरावर उभं राहू देत नाहीत.

दगडफोड्या:
एंडोस्कोपीचं पटतं. तिथे शरीर खरं आहे. यंत्राचं नाही.

अनिकेत:
माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. ती खुर्ची ज्याला रोज लागते, त्याने ती बघून काय करायचं?